रुतलेली गाडी ओढताना: दोर, पट्टा, शॅकल आणि आजूबाजूची माणसं

चार वर्षांपूर्वीचा जुलै. ताम्हिणी घाट उतरून एका वाडीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर आमच्या गटातली एक गाडी चिखलात बसली. दुसऱ्या गाडीत ॲक्सेसरीच्या दुकानातून घेतलेला पिवळा दोर होता, दोन्ही टोकांना लोखंडी हुक. एक हुक रुतलेल्या गाडीच्या बंपर गार्डात अडकवला, दुसरा ओढणाऱ्या गाडीला. पहिल्या झटक्याला गाडी हलली नाही. दुसऱ्या झटक्याला फटाका फुटावा तसा आवाज झाला. गार्डाची वेल्ड केलेली लोखंडी पट्टी उखडली, हुकाबरोबर पुढे खेचली गेली आणि हुकातून सुटून उडाली. पुढे रस्त्याच्या कडेला वाडीतली दोन मुलं बघत उभी होती. पट्टी त्यांच्यामधून गेली. नंतर ती आम्हाला पस्तीस पावलांवर भाताच्या खाचरात सापडली, अर्धी चिखलात घुसलेली.

दोर शाबूत होता. एक धागाही तुटला नव्हता.

त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की दोर मजबूत घेतला की काम झालं. आता गाडी ओढायला घेण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: यातलं काहीही तुटलं, तर काय उडेल आणि ते कुणाच्या दिशेने जाईल? नुकतीच फोर बाय फोर घेतलेल्या, पावसाळ्यात पहिल्यांदा कच्च्या रस्त्यावर उतरणाऱ्या माणसाने हा प्रश्न मनात ठेवून पुढचं वाचावं.

१. आधी पाहा, ओढायची खरंच गरज आहे का

गाडी रुतली की पहिली प्रतिक्रिया ॲक्सिलरेटर दाबण्याची असते. तो दाबू नका. चाक जागेवर फिरलं की ते स्वतःसाठी खड्डा खणतं आणि दोन मिनिटांत गाडी पोटावर टेकते. उतरा आणि चारही बाजूंनी वाकून पाहा. चाकं किती खोल आहेत? डिफरन्शियल किंवा चेसिस मातीला टेकलं आहे का? खाली दगड आहे का?

अमेरिकी सैन्यात रुतलेली वाहनं काढणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे. गाळ चाकाच्या उंचीपर्यंत असेल तर गाडीच्या वजनाइतका विरोध धरायचा, मडगार्डपर्यंत असेल तर दुप्पट आणि त्याच्याही वर गेला तर तिप्पट. दोन टनांची गाडी मडगार्डपर्यंत बसली असेल तर दोराला चार टनांचं ओझं ओढायचं आहे. फावड्याने वीस मिनिटं खणलं, चाकांपुढे उतार करून दिला, पोटाखालची माती काढली, तर तेच ओझं निम्म्यावर येतं. दोरावरचा ताण कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

मग टायरमधली हवा कमी करा. चिखलात मी २० पीएसआयच्या आसपास येतो, सुक्या वाळूत १५ ते १८ पर्यंत. टायर पसरतो, जमिनीवरची पकड वाढते आणि निम्म्या वेळा गाडी आपली आपण बाहेर येते. रिकव्हरी बोर्ड, म्हणजे चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या, असतील तर ते चाकाखाली सारा. नसतील तर सपाट दगड किंवा पेंढा. एवढं करूनही गाडी निघाली नाही, तरच दोर काढायचा.

२. हातातला दोर कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

नवख्यांचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो, म्हणून इथे थोडा वेळ थांबू. दुकानात सगळ्याला ‘टो रोप’ म्हणतात, गॅरेजमध्ये सगळ्याला ‘टोचन’ म्हणतात. प्रत्यक्षात या चार वेगळ्या वस्तू आहेत आणि एकीचं काम दुसरीला दिलं की अपघात होतो.

पहिला, टोचनाचा साधा पट्टा किंवा दोर. हा बहुतेक पॉलिएस्टरचा असतो आणि जवळजवळ ताणला जात नाही. बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर हळू ओढत नेण्यासाठी तो असतो. रुतलेल्या गाडीला त्याने झटका द्यायचा नाही, कधीच नाही.

दुसरा, स्नॅच स्ट्रॅप. रुंद, चपटा, नायलॉनचा, दोन्ही टोकांना शिवलेले फासे आणि साधारण ९ मीटर लांब. हा सुमारे २० टक्के ताणला जातो. पुढची गाडी थोड्या वेगाने निघते, पट्टा रबरासारखा लांबतो, ती ऊर्जा साठवतो आणि आकसताना मागची गाडी उपटून काढतो. झटका यालाच द्यायचा असतो.

तिसरा, कायनेटिक रोप. हाही नायलॉनचाच, पण गोल विणीचा. साधारण ३० टक्क्यांपर्यंत ताणला जातो, त्यामुळे झटका आणखी मऊ बसतो. महाग आहे, पण वारंवार बाहेर जाणाऱ्याने हाच घ्यावा असं माझं मत आहे.

चौथी, विंचची, म्हणजे गाडीवर बसवलेल्या, दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राची दोरी. पोलादी तारेची असो किंवा सिंथेटिक, ती ताणली जाण्यासाठी बनवलेलीच नसते. तिला हळू, एकसारखं ओढायचं. पोलादी तार ताणाखाली तुटली तर चाबकासारखी फिरते. सिंथेटिक दोरी हलकी असल्याने कमी उसळते, पण दगडाच्या धारेवर घासली किंवा उष्णतेजवळ आली की खराब होते.

यांच्याशिवाय काही गाड्यांत साखळी किंवा घरचा नाडा असतो. साखळी अजिबात ताणली जात नाही, म्हणून झटका दिला की सगळा भार एका क्षणात एका कडीवर येतो. साखळीने झटका देणारा माणूस दिसला तर मी तिथून माणसं दूर नेतो आणि मग त्याच्याशी बोलतो.

ऊर्जेचा एक छोटा हिशेब मांडतो, कारण तो कळल्यावर माझं वागणं बदललं. दोन टनांची गाडी ताशी २० किलोमीटरने निघाली तर तिच्यात सुमारे ३१ हजार जूल ऊर्जा असते. ताशी १० ने निघाली तर फक्त पावणेआठ हजार. वेग निम्मा केला की ऊर्जा चौथाई होते. आता समजा, ताशी २० च्या झटक्यात जोड तुटला आणि त्या ऊर्जेचा फक्त दहावा हिस्सा दोन किलोच्या लोखंडी तुकड्याला मिळाला. तो तुकडा ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटेल. गाडीची काच त्याला थांबवू शकत नाही.

३. पट्टा तुमच्या गाडीच्या वजनाला जुळवा

‘जितका जास्त टनांचा तितका सुरक्षित’ हा गैरसमज मनातून काढा. ऑस्ट्रेलियात स्नॅच स्ट्रॅपसाठी सक्तीचे नियम आहेत आणि पट्ट्यावर वापराच्या सूचना छापाव्याच लागतात. त्यातली मुख्य सूचना अशी, की पट्ट्याची तुटण्याची किमान ताकद दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या एकूण भारित वजनाच्या २ ते ३ पट असावी. भारित वजन म्हणजे माणसं, सामान, इंधन धरून कंपनीने दिलेली कमाल मर्यादा. ती ओनर्स मॅन्युअलमध्ये असते.

मारुतीच्या जिम्नी या छोट्या फोर बाय फोरचं उदाहरण घ्या. पाच दारांच्या जिम्नीचं भारित वजन १,५४५ किलो आहे. म्हणजे पट्टा तीन ते साडेचार टनांच्या आसपासचा हवा. पण बाजारात सर्रास मिळतो तो ८ टनी किंवा ११ टनी. हलक्या गाडीला ८ टनी पट्टा नीट ताणलाच जात नाही. तो साध्या टोचनासारखा वागतो आणि सगळा झटका चेसिसवर आणि हुकावर जातो. उलट, सव्वादोन टनांच्या गाडीला तीन टनी पट्टा लावला तर पट्टाच तुटेल.

लेबल वाचताना आणखी एक सापळा आहे. पट्ट्यावर साधारणतः तुटण्याची ताकद छापलेली असते, शॅकलवर, म्हणजे पिनने बंद होणाऱ्या यू आकाराच्या जोडकडीवर, मात्र रोजच्या वापराची सुरक्षित मर्यादा ठोकलेली असते. हे दोन वेगळे आकडे आहेत. ४.७५ टन ठोकलेलं चांगलं शॅकल त्याच्या कितीतरी पट भाराला तुटतं. ‘५ टन’ लिहिलेला पट्टा मात्र पाच टनांना तुटू शकतो. आणि ज्या दोरावर नुसतंच ‘हेवी ड्युटी’ लिहिलं आहे, कुठलाच आकडा नाही, तो घेऊ नका. घरात असेल तर कपडे वाळत घालायला वापरा.

४. गाडीला कुठे अडकवायचं

माझ्या मते हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. आमच्या वेळी दोर तुटला नव्हता, जोड तुटला होता.

हक्काची जागा म्हणजे चेसिसला बोल्टने पक्का बसवलेला, रिकव्हरीसाठी बनवलेला हुक किंवा पॉइंट. मॅन्युअल उघडून तुमच्या गाडीत तो पुढे कुठे आहे, मागे कुठे आहे ते घरीच पाहून ठेवा. चिखलात गुडघ्यावर बसून शोधायची ती वेळ नसते. बाजारातून वेगळा पॉइंट बसवत असाल तर त्याचा भार आणि बोल्टचा दर्जा विचारा आणि तो चेसिसला बसतो आहे, बंपरला नाही, हे डोळ्यांनी पाहा.

या ठिकाणी अडकवू नका:

- टो-बॉल, म्हणजे ट्रेलर जोडायचा मागचा गोळा. तो खालच्या दिशेचा भार आणि संथ ओढ यासाठी असतो, झटक्यासाठी नाही. झटक्यात तो मानेतून तुटतो आणि तोफगोळा होतो. ऑस्ट्रेलियात अशा तुटलेल्या टो-बॉलने माणसं दगावली आहेत, म्हणून तिथल्या पट्ट्यांवर ‘टो-बॉलला लावू नका’ असं छापलेलं असतं. आपल्याकडे हा गोळा शोभेसाठी बसवतात आणि अडचणीच्या वेळी हात आधी तिकडेच जातो.
- बंपर गार्ड. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०१७ मध्येच क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं, ते रस्त्यावरच्या सुरक्षेच्या कारणाने. ओढण्याच्या दृष्टीनेही तो निरुपयोगी आहे. आमच्या गाडीवर तोच होता.
- स्टिअरिंगचा रॉड, सस्पेन्शनचे आर्म, ॲक्सल, स्प्रिंगच्या पाट्यांची शॅकलं. ओढताना यातलं काही वाकलं तर गाडी बाहेर येईल, पण घरी जाणार नाही.
- जहाजावर किंवा ट्रेलरवर गाडी बांधण्यासाठी दिलेली पातळ पत्र्याची भोकं. ती दिसायला हुकासारखी असतात, फसू नका.

बंपरच्या झाकणामागे स्क्रू करून बसवायचा डोळा बऱ्याच गाड्यांना मिळतो. तो सरळ रेषेत, सपाट रस्त्यावर, हळू टोचन करण्यासाठी आहे. काही गाड्यांत त्याच्या आट्या उलट्या असतात, तेव्हा आधी घरी बसवून पाहा. स्नॅच स्ट्रॅप त्याला लावायचा नाही.

दोन पॉइंट असतील तर दोन्हींना मिळून एक छोटा पट्टा लावून त्याच्या मध्यावर मुख्य पट्टा जोडता येतो. भार वाटला जातो. मात्र तो छोटा पट्टा पुरेसा लांब हवा. फार आखूड असेल तर पॉइंट एकमेकांकडे आत खेचले जातात.

५. जोडणी: शॅकल, गाठी आणि हुक

लोखंडी बो शॅकल वापरणार असाल तर साधारण दोन टनांच्या गाडीला ४.७५ टनांचं घ्या. त्याची पिन २२ मिलिमीटर जाड असते. पिन हाताने पूर्ण आवळा आणि मग पाव फेरा मागे घ्या. पूर्ण आवळलेली पिन भाराखाली जाम होते आणि नंतर पान्याने ठोकूनही निघत नाही. पण पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको.

शक्य असेल तिथे सॉफ्ट शॅकल घ्या. ते विणलेल्या दोरीचं, मूठभर वजनाचं असतं. तुटलं तरी लोखंडाचा गोळा होऊन उडत नाही. माझ्या पिशवीत आता लोखंडी शॅकल एकच आहे, तेही ज्या पॉइंटच्या कडा धारदार आहेत तिथल्यासाठी. सॉफ्ट शॅकल धारेवर घासलं तर कापलं जातं, हे लक्षात असू द्या.

पट्टा कमी पडला आणि दोन जोडावे लागले तर मध्ये लोखंडी शॅकल कधीही घालू नका. मधला जोड तुटला तर ते लोखंड दोन्हीपैकी कुठल्याही गाडीकडे जाऊ शकतं. एका पट्ट्याचा फासा दुसऱ्याच्या फाशातून घालून ओवून घ्या आणि मध्ये गुंडाळलेलं मासिक किंवा वर्तमानपत्राची सुरळी ठेवा. नाहीतर भाराखाली ते एकमेकांत इतके घट्ट बसतात की सुटत नाहीत. सॉफ्ट शॅकलनेही जोडता येतात.

गाठ मारू नका. गाठीत दोराची ताकद सुमारे निम्म्यावर येते. आणि दोन्ही टोकांना हुक असलेला तो पिवळा दोर रिकव्हरीसाठी बाद समजा. हुक उघडतो, सरळ होतो, किंवा दोर सैल पडला की आपोआप निसटतो.

६. गाडीत काय असावं

मी नेतो ते सांगतो. भारित वजनाला जुळणारा स्नॅच स्ट्रॅप किंवा कायनेटिक रोप. दोन सॉफ्ट शॅकल, एक लोखंडी. आखूड दांड्याचं फावडं. जाड कातडी हातमोजे. टायरची हवा मोजायचं यंत्र आणि हवा भरायचा छोटा काँप्रेसर, कारण हवा काढल्यावर डांबरी रस्त्यावर तसंच परत यायचं नसतं. दोन गोणपाटं. दोन वॉकी-टॉकी असतील तर उत्तम, नाहीतर हाताच्या खुणा. टॉर्च आणि प्रथमोपचाराचं सामान.

कागदांमध्ये आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स. विम्याची पॉलिसी घरीच वाचा आणि रोडसाइड असिस्टन्स पक्क्या रस्त्याबाहेर येतं का ते फोन करून विचारा. मॅन्युअलमधलं टोइंगचं पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, नेटवर्क नसेल तेव्हा उपयोगी पडतं. दुखापत झालीच तर रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर कुठल्याही आणीबाणीला ११२.

७. माणसं आधी बाजूला

खेड्याजवळ गाडी रुतली की दहा मिनिटांत पंधरा माणसं जमतात. बहुतेक मनापासून मदतीला आलेली असतात, काही मोबाइल काढून शूटिंग करतात आणि मुलं सगळ्यात पुढे असतात. त्यांना ओरडून हाकलू नका. नम्रपणे, पण ठामपणे सांगा: ‘काका, दोर तुटला तर लोखंड लागेल, तिकडे झाडापाशी उभे राहा.’ कारण सांगितलं की लोक ऐकतात. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

अंतर किती? पट्ट्याच्या न ताणलेल्या लांबीच्या किमान दीडपट. ९ मीटरच्या पट्ट्याला साडेतेरा मीटर, म्हणजे साधारण अठरा-वीस पावलं. आणि तेही बाजूला. पट्ट्याच्या रेषेत पुढे किंवा मागे कुणीही नको, कितीही लांब असला तरी. ताणलेल्या पट्ट्यावरून उडी मारून पलीकडे जाणारा माणूस दिसला की सगळं थांबवा.

दोन्ही गाड्यांत फक्त चालक. सीट बेल्ट लावलेले, काचा वर. बाकी सगळे, म्हातारी माणसं आणि झोपलेलं मूलसुद्धा, खाली. ‘पावसात कुठे उतरवायचं’ हा विचार मनात येतो. तरीही उतरवा, छत्री द्या.

सूचना एकाच माणसाने द्यायच्या. दोघे ओरडले की चालक गोंधळतो. ‘थांब’ची खूण मात्र कुणीही दाखवली तरी लगेच थांबायचं.

८. आता ओढा

ओढणारी गाडी शक्य तितक्या घट्ट जमिनीवर आणि रुतलेल्या गाडीच्या सरळ रेषेत उभी करा. तिरकं ओढलं की पॉइंट बाजूने वाकतो. गाडी ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने मागे काढणं बहुतेक वेळा सोपं असतं, कारण ती माती आधीच दबलेली असते.

पट्टा पूर्ण उलगडा. पीळ काढा आणि धारदार दगडावरून जात नाही ना ते पाहा. दोन्ही टोकं जोडल्यावर दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या, स्वतः जोडलेलं स्वतःच तपासू नका. गाड्यांमध्ये दीड-दोन मीटर ढील ठेवा आणि पट्टा जमिनीवर नागमोडी पसरा. ओलं गोणपाट पट्ट्याच्या मध्यावर टाका. पट्टा तुटला तर ते त्याची उसळी कमी करतं. पूर्ण थांबवत नाही, म्हणून गोणपाट आहे म्हणून माणसं जवळ आणायची नाहीत.

दोन्ही गाड्या लो रेंजमध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये. ओढणारी पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये हळू निघेल. ताशी ८ ते १० किलोमीटरच्या पुढे जाऊ नका. वरचा ऊर्जेचा हिशेब आठवा. पट्टा ताणला गेला की रुतलेल्या गाडीनेही हलका ॲक्सिलरेटर द्यायचा, चाकं सरळ ठेवून. बाहेर आली की ती हॉर्न देईल. ओढणाऱ्याने करकचून ब्रेक मारायचा नाही, नाहीतर मागची येऊन आदळते.

नाही निघाली तर? ओढणाऱ्याने मागे येऊन पट्टा सैल करायचा आणि त्यानंतरच कुणी त्याच्याजवळ जायचं. ताणाखालच्या पट्ट्याला हात लावायचा नाही, त्याच्यावर पाय द्यायचा नाही. पुन्हा खणा. पट्ट्याला काही मिनिटं विश्रांती द्या, कारण नायलॉन ताणल्यावर गरम होतो आणि पूर्ववत व्हायला वेळ घेतो. वेग वाढवण्याआधी नेहमी खणणं वाढवा. तीन प्रयत्नांनंतरही गाडी हलली नाही तर झटक्याची पद्धत सोडून द्या. विंच, ट्रॅक्टर किंवा आणखी तासभर फावडं.

भिजलेला नायलॉन कोरड्यापेक्षा कमजोर असतो आणि कमी ताणला जातो. आपल्याकडे बहुतेक रिकव्हरी पावसातच होतात, तेव्हा पट्टा पिशवीतून शेवटच्या क्षणी काढा.

९. ट्रॅक्टर आला तर

मावळात काय किंवा कोकणात काय, शेवटी ट्रॅक्टरच येतो. मालकाला मोबदला आधी विचारा आणि डिझेलचे पैसे आवर्जून द्या. ट्रॅक्टरची ताकद संथ ओढीत आहे. त्याला झटका द्यायची गरज नसते, म्हणून इथे न ताणला जाणारा टोचनाचा पट्टा चालतो.

इथे धोका ट्रॅक्टर चालवणाऱ्याला आहे, आणि तो आपल्या मदतीला आलेला असतो. दोर नेहमी खालच्या ड्रॉबारला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या ओढायच्या दांड्याला, लावा. वरच्या टॉप लिंकला किंवा ॲक्सलच्या वर कुठेही लावला आणि मागची गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात आणि तो चालकावर मागे उलटू शकतो. हे होताना वेळ मिळत नाही. ‘दादा, दोर खालीच लावू’ एवढं म्हणायला लाजू नका. बहुतेकांना हे माहीत असतं, पण घाईत वरचा हुक सोपा वाटतो.

१०. समुद्रकिनारी भरतीचं घड्याळ

गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे आणि कोकणातही गाडी वाळूत नेणाऱ्यांवर गुन्हे दाखल होतात. समुद्री कासवांची अंडी, मच्छीमारांची जाळी, फिरणारी माणसं असं सगळं तिथे असतं. माझा सल्ला सरळ आहे: नेऊ नका. तरी उधाणाच्या दिवशी दुसऱ्याची रुतलेली गाडी काढायची वेळ येते, म्हणून लिहितो.

मच्छीमारांचा जुना हिशेब उपयोगी पडतो. तिथीचा आकडा पाऊणपट केला की मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, पाणी जास्त वर येतं. अचूक वेळेसाठी भरती-ओहोटीचा तक्ता पाहाच.

पाणी येताना दिसलं की माणसं नियम सोडतात, एकदम वेगाने झटका देतात आणि अपघात तिथे होतात. हाताशी किती वेळ आहे ते आधी काढा, हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवा, खणा, मगच पट्टा लावा. वेळ संपत आली असेल तर माणसं आणि कागदपत्रं बाहेर काढा आणि गाडी सोडा.

११. डांबरी रस्त्यावर टोचन करताना

बाहेर काढलेली गाडी चालू होत नसेल तर टोचन करून न्यावी लागते. इथे स्नॅच स्ट्रॅप काढून ठेवा. रस्त्यावर दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे आणि ९ मीटरचा ताणला जाणारा पट्टा त्यात बसत नाही. मागच्या गाडीत लायसन्स असलेला चालक हवा, किल्ली फिरवलेली हवी, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. इंजिन बंद असल्याने ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही दगडासारखे जड होतात, हे त्याला आधी सांगा. पट्ट्याला लाल कापड बांधा. मी ताशी २० च्या वर जात नाही आणि घाटात टोचन करतच नाही. तिथे फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, बोलवा. गाडी ऑटोमॅटिक असेल तर चाकांवर ओढायची की नाही हे मॅन्युअल पाहूनच ठरवा.

१२. घरी आल्यावर

थकून आलो की पट्टा चिखलासकट डिकीत राहतो आणि पुढच्या वेळी तोच तुटतो. त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी तरी गोड्या पाण्याने धुवा, साधा साबण चालेल. वाळूचे बारीक कण विणीत अडकले की प्रत्येक ताणाला आतले धागे कापतात. सावलीत वाळवा, कारण उन्हाने नायलॉन झिजतो. पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरू नका.

वाळताना हातात घेऊन पूर्ण लांबी बोटांनी चाचपा. फाशांच्या शिवणीतले तुटलेले टाके, कडेला कापल्याची खूण, वितळून चकचकीत झालेला डाग, उडालेला रंग, कडक झालेला भाग. लेबल वाचता येत नसेल तर ताकद किती आहे हेही कळत नाही. यातलं काहीही दिसलं तर पट्टा बाद.

बाद पट्टा अडगळीत ठेवू नका, कारण दोन वर्षांनी कुणीतरी तो उचलून ‘अजून चांगला आहे’ म्हणत गाडीत टाकतो. मी दोन्ही फासे कात्रीने कापतो, पट्ट्याचे हातभर तुकडे करतो आणि त्यातले दोन फावड्याच्या दांड्याला गुंडाळतो, पकड चांगली बसते.